हिस्टोन ॲसिटिलेशन जितके जास्त, तितकी गर्भाच्या मेंदूची वाढ चांगली, असे समजावे का?

आपला प्रश्न असा आहे की, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट लागल्याने (यालाच ॲसिटिलेशन म्हणतात) जनुके चालू होतात, तर गर्भाच्या मेंदूत हे प्रमाण जितके वाढेल तितके चांगले असे मानायचे का. 'ॲसिटिल लागले की चालू, निघाले की बंद' हे वाक्य मी स्वतः शिकवताना अनेकदा फळ्यावर लिहिले आहे, त्यामुळे या समजाचा थोडा दोष माझ्याकडेही येतो. उत्तर 'नाही' असे आहे. ॲसिटिल गट कोणत्या पेशीत, कोणत्या जनुकापाशी आणि कोणत्या दिवशी आहेत यावर सारे ठरते. एकूण साठा किती आहे याला फारसा अर्थ नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगतो. पेशीच्या केंद्रकातील सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या आठाआठांच्या गाभ्यांभोवती गुंडाळलेला असतो आणि एकेका गाभ्याभोवती सुमारे १४७ बेस-जोड्यांचा वेढा असतो. हिस्टोनांची शेपटे बाहेर आलेली असतात. त्यांतील लायसीन या अमिनो आम्लावर धनभार असतो, डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून पकड घट्ट बसते. लायसीनला ॲसिटिल गट जोडला की तो धनभार नाहीसा होऊन पकड सैलावते. शिवाय ब्रोमोडोमेन हा भाग असलेली प्रथिने त्या गटाला ओळखून तेथे चिकटतात आणि जनुकवाचनाची सामग्री जमा होते. ॲसिटिलेशनचा जनुकवाचनाशी संबंध असावा हे व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच मांडले होते. गट जोडणारी आणि काढणारी एन्झाइमे मात्र १९९६ च्या सुमारास नीट हाती लागली.

आता गर्भाच्या मेंदूतील एक पेशी डोळ्यांसमोर आणा. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या काठाशी ती विभागते; एक कन्यापेशी काठाशीच मूळपेशी म्हणून राहते, दुसरी बाहेरच्या थराकडे सरकून चेतापेशी होते. दोघींचा डीएनए एकच. राहणाऱ्या पेशीत चेतापेशीची अनेक जनुके रेस्ट नावाच्या प्रथिनाने दाबून धरलेली असतात, आणि दाबण्यासाठी ते ज्यांना सोबत आणते त्यांत ॲसिटिल गट काढणारी एन्झाइमे, म्हणजे एचडॅक, असतात. चेतापेशी होऊ घातलेल्या पेशीत रेस्ट ओसरते, त्या जनुकांवर ॲसिटिल गट येतात आणि ती वाचली जाऊ लागतात. मात्र त्याच वेळी मूळपेशीपणाची जनुके बंद व्हावी लागतात, आणि हे बंद करण्याचे काम विद्यार्थी नेमके विसरतात.

आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग उंदरांवरचा आहे. मेंदूच्या पूर्वपेशींतून एचडॅक-१ किंवा एचडॅक-२ यांपैकी एकच काढले तर फारसे बिघडत नाही, कारण दुसरे काम निभावून नेते. दोन्ही काढली तेव्हा गट काढणारे प्रमुख हातच उरले नाहीत. 'जास्त तितके चांगले' हे खरे असते तर चेतापेशींचे पीक यायला हवे होते. प्रत्यक्षात पूर्वपेशी परिपक्व चेतापेशी होऊ शकल्या नाहीत, मोठ्या संख्येने मेल्या, मेंदूचे बाह्यक, हिप्पोकॅम्पस आणि अनुमस्तिष्क यांची रचना विस्कटली आणि पिल्ले जन्मानंतर सुमारे आठवड्याभरात दगावली.

कमतरताही तितकीच महागात पडते. सीबीपी हे गट जोडणारे एन्झाइम आहे. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी माणसात रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोम होतो. १९६३ मध्ये वर्णिलेल्या या विकारात अंगठे रुंद असतात आणि बौद्धिक वाढ मंदावते. सीबीपीची एकच प्रत असलेल्या उंदरांत चेतापेशी आणि मेंदूतील आधारपेशी दोन्ही कमी तयार होतात.

माणसातील अतिरेकाचे सर्वांत बोलके उदाहरण व्हॅलप्रोएट हे अपस्मारावरील औषध आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीला ते घेतल्यास न्यूरल ट्यूब, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी गर्भातील नलिका, न मिटण्याचा धोका १ ते २ टक्क्यांपर्यंत जातो, आणि पुढे मुलांत बौद्धिक अडचणी व स्वमग्नता यांचेही प्रमाण वाढते. हे औषध एचडॅक रोखते, म्हणजे ॲसिटिल गट निघू देत नाही, हे २००१ मध्ये कळले. औषधाचे इतरही परिणाम असल्याने सारा दोष ॲसिटिलेशनवर टाकणे घाईचे होईल. पण त्याच्याशी रचनेने जवळचे, झटके रोखणारे व्हॅलप्रोमाइड एचडॅक रोखत नाही आणि प्राण्यांच्या गर्भात तसे व्यंगही घडवत नाही, हा पुरावा मला वजनदार वाटतो. ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारासच. म्हणून औषध बदलायचे असेल तर ते गर्भधारणेपूर्वी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावे. परस्पर बंद केल्याने येणारे झटके आई आणि गर्भ दोघांनाही घातक ठरू शकतात.