इंदूरजवळच्या सिरपूर आणि यशवंत सागर या तलावांमधल्या पाणकणसाची (टायफा) तुलना करायची आहे, नवीन जेनेटिक मार्कर (झाडाझाडातला फरक दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा) बनवावे लागतील का?

तुम्ही इंदूरलाच एमएस्सीला आहात आणि हाताशी एकच वर्ष आहे असं लिहिलंय म्हणून सांगतो, लगेच नवीन मार्करच्या मागे लागू नका. टायफा लॅटिफोलिया आणि अँगस्टिफोलिया या पाणकणसाच्या प्रजातींसाठी मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो अशा जागांचे मार्कर) २००३ मध्येच छापून आलेत, त्यांचे प्रायमर (ती जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवून आपल्या पाणकणसावर चालवून बघा, जवळच्या प्रजातीत बरेचदा चालतात. टायफा डिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच, त्यामुळे एका झाडात एका मार्करचे जास्तीत जास्त दोन अलील (प्रकार), वाचायला सोपं.

खरी गोम सॅम्पलिंगमध्ये आहे. मी सिरपूरच्या काठाकाठाने हाताला लागतील ती तीस पानं तोडून आणली आणि डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर बघतो तर जवळजवळ सगळ्यांचे बँड (पट्टे) एकाच रेषेत, दोन दिवस मी मार्करलाच दोष देत बसलो, मग परत जाऊन एक रोप उपटायला घेतलं तर चिखलातून जाड पांढरा राइझोम (जमिनीखालचं आडवं खोड) निघतच राहिला आणि त्याला पुढे दुसरं रोप, तिसरं रोप. म्हणजे ती तीस झाडं नव्हतीच, एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाची हुबेहूब रोपं, पसरलेला. म्हणून दोन सॅम्पलमध्ये भरपूर अंतर ठेवा, प्रत्येकाचं जीपीएस लिहा, आणि डेटा आला की आधी सारखे जीनोटाइप (सगळ्या मार्करवर एकसारखी निघालेली सॅम्पल) बाजूला काढा, मगच डायव्हर्सिटी मोजा. शिवाय याचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं, तेव्हा हातोदकडचं यशवंत सागर आणि सिरपूर जवळचे निघाले तर लगेच घाबरून जाऊ नका, तोही निकालच आहे.

डीएनएसाठी कोवळं पान धुऊन, पुसून, बारीक कापून सिलिका जेलमध्ये टाका, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. सीटॅब (पानातून डीएनए काढायची पद्धत) करताना पिपेटची टिप उचलल्यावर चिकट तार आली तर ते पॉलिसॅकराइड (पानातली चिकट कर्बोदकं), मीठ वाढवा, फिनॉलसाठी पीव्हीपी हे रसायनही घाला, तरी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) अडला तर डीएनए दसपट पातळ करून बघा.

जुने मार्कर खरंच फरक दाखवत नसतील तेव्हाच एका सॅम्पलचं थोडं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) करून दोन-तीन बेसच्या (अक्षरांच्या) पुनरावृत्त्या शोधा आणि दोन्ही बाजूंना प्रायमर डिझाइन करा. प्रत्येक प्रायमरला रंग लावायचा खर्च झेपत नाही, जोडीतल्या फॉरवर्ड प्रायमरला एम१३ नावाची १८ बेसची ठरलेली शेपटी जोडा म्हणजे रंगीत प्रायमर सगळ्यांना एकच पुरतो. पहिली चाचणी लांबलांबच्या आठ सॅम्पलवरच.

आणि सॅम्पलिंगला मे महिन्यात जा, पाणी उतरलेलं असतं, आतल्या पाणकणसापर्यंत चालत पोचता येतं.