इनरीच सॅकमध्ये टाकण्याआधी

सिएरा नेवाडाच्या डोंगरात निघायच्या आठवडाभर आधीच इनरीच, म्हणजे गार्मिन कंपनीचं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, बाहेर काढ. आधी त्याचा उपग्रह सेवेचा प्लॅन चालू आहे ना बघ. तो बंद असेल तर एसओएस, म्हणजे संकटात मदतीची हाकसुद्धा जात नाही. मग चार्ज, अपडेट, आणि मोकळ्या आभाळाखाली जाऊन घरी एक मेसेज. तो थेट इनरीचवरूनच पाठव, कारण नेट मिळालं की फोनवरचं गार्मिन मेसेंजर अ‍ॅप नेटवरूनच पाठवतं आणि उपग्रहाची चाचणी होतच नाही. घरच्यांचं उत्तर येईपर्यंत थांब. दरीत याला बराच वेळ लागतो, घाबरू नकोस. एसओएस मात्र चाचणीसाठी कधीच दाबू नकोस. गार्मिनच्या खात्यातले आपत्कालीन नंबर आजच तपास, बरेच जण नेमकं तेच विसरतात. आणि हो, भारतात येताना इनरीच परवानगीशिवाय आणू नकोस. विमानतळावर लोकांना अटक झाली आहे.