नायिकेवर आळ आणि नायक तपास अधिकारी: आधी एवढं सांभाळा

पहिल्याच प्रकरणात तिला रात्री साडेअकराला अटक? जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय महिलेला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. ही अडचण नाही, आयतं घबाड आहे! अटक सकाळवर ढकला. दारात महिला शिपाई, समोर गार होत चाललेला चहा, आणि त्याची नजर तिच्या मनगटावरच्या ओरखड्यावर. यातून तीन पानं सहज निघतील.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून कळस त्यावर बेतू नका. आळ जप्त केलेल्या वस्तूवर उभा करा आणि पंचनाम्यातल्या वेळेवर पाडा. जप्ती ४ वाजून १० मिनिटांची, आणि पंचाच्या खिशात त्याच वेळेचं एसटीचं तिकीट. पंचनाम्याखाली सही नायकाचीच असेल तर उत्तम.

ती कोठडीत असताना प्रेम नको. ते जबरदस्तीच वाटतं. जामीन होऊ द्या, तपास दुसऱ्याकडे जाऊ द्या, मग हात हातात.