वाचकांचे प्रश्न : एन्सेलॅडसवर उतरायचे कशासाठी?

प्रश्न : शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या बर्फाखालील समुद्रातून उडणाऱ्या पाणी-बर्फाच्या फवाऱ्यांतून कॅसिनी यान गेले होते आणि त्यातल्या कणांचे विश्लेषणही झाले. मग आधी कक्षेत फिरून नंतर उतरणाऱ्या यानाच्या प्रस्तावित 'ऑर्बिलँडर' मोहिमेत तिथे उतरण्याचा खटाटोप का?

उत्तर : कॅसिनी सेकंदाला 7 किलोमीटरहून अधिक वेगाने कणांवर आदळत होते. त्या धडकेत मोठे सेंद्रिय रेणू फुटतात. मीठ, हायड्रोजन, फॉस्फेट हे सापडले, आणि ते फार मोलाचे आहे. पण जीवसृष्टी ओळखायची तर अमिनो आम्लांत डावी-उजवी (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली) रूपे किती आणि मेदाम्लांच्या साखळ्या केवढ्या, हे मोजावे लागते. त्यासाठी रेणू अखंड हवेत आणि नमुना भरपूर हवा. एन्सेलॅडसभोवतीच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे 200 मीटरपर्यंत खाली येतो, तरी तिथे फवारा विरळ असतो. खारट, जड कण तर फार वर न जाता दक्षिण ध्रुवाजवळ हिमासारखे खाली पडतात. म्हणून आराखड्यात दीड वर्ष कक्षेत आणि दोन वर्षे जमिनीवर असे काम आहे. पडणारे हिम झेलायला नरसाळे आणि पृष्ठभागावरचे उचलायला यांत्रिक हात, अशी दोन्ही साधने त्यात आहेत.

प्रश्न : उतरताना अडचण कोणती?

उत्तर : आपटण्याची भीती त्यामानाने कमी. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम 1.15 टक्के, त्यामुळे 1 मीटरवरून सोडलेला दगड खाली यायला 4 सेकंद घेईल. अवघड आहे ते टिकून राहणे : हाताने बर्फात जोर लावला की यानच उचलले जाऊ शकते. म्हणून खोल खणण्याऐवजी वरचे भुसभुशीत हिम खरवडणेच शहाणपणाचे. दुसरी अडचण प्रदूषणाची. हायड्रॅझिन या इंधनावर चालणाऱ्या इंजिनांच्या झोतातून अमोनिया बाहेर पडतो आणि तोच तिथे मोजायचा असतो. झोत लागलेली जागा टाळावी लागते. प्रत्येक उपकरणाची आधी नमुन्याशिवाय रिकामी चाचणीही घ्यावी लागते, नाहीतर पृथ्वीवरून गेलेला अंश तिथला समजला जाईल. शिवाय संदेशाला एका बाजूने तास ते दीड तास लागतो, तेव्हा उतरण्याची जागा यानाला स्वतःच पारखावी लागेल.

प्रश्न : 2038 ला उड्डाण केले, तरी काम 2050 च्या आसपास सुरू होणार. एवढा वेळ का?

उत्तर : शनीपर्यंत सुमारे सात वर्षे. पुढची साडेचार वर्षे वेग मारण्यात जातात. एन्सेलॅडस 504 किलोमीटर व्यासाचा, त्याची ओढ क्षीण. थेट ब्रेक लावायचा तर इंधनाचे ओझे झेपत नाही. म्हणून टायटन, रिया, डायोनी, टेथिस या शनीच्या इतर चंद्रांच्या जवळून पुन्हा पुन्हा जात कक्षा आकसत न्यायची. 2022 च्या अमेरिकी दशकीय आढाव्यात (पुढच्या दहा वर्षांच्या ग्रहमोहिमांचा शास्त्रज्ञांनी ठरवलेला अग्रक्रम) मोठ्या मोहिमांत या मोहिमेचा क्रम युरेनसच्या मोहिमेनंतर दुसरा आहे, आणि ती अजून प्रस्तावच आहे.

प्रश्न : सौर पट्ट्या चालणार नाहीत का?

उत्तर : शनीपाशी ऊन पृथ्वीच्या सुमारे नव्वदावा भाग. म्हणून प्लुटोनियम-238 च्या उष्णतेवर चालणारे वीजजनित्र. त्याचे अर्धायुष्य (निम्मे होण्यास लागणारा काळ) 87.7 वर्षे, त्यामुळे एवढ्या लांबच्या प्रवासातही वीज पुरते.