कौतुक झालं की अपराधी वाटतं?

"मॅडम, कोणी चांगलं म्हटलं की पाप केल्यासारखं वाटतं." नाशिकमधल्या ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हे इतक्या वेळा येतं, की एकीच्या निमित्ताने लिहिणं बरं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या ताई शरणपूर रोड परिसरात राहणाऱ्या, संडेस्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गाच्या, शिक्षिका. नाताळचा कार्यक्रम मुलांनी छान केला, पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) सगळ्या मंडळीसमोर यांचं नाव घेतलं. "छे, माझं काय, सगळं प्रभूचंच," म्हणून यांनी मान खाली घातली आणि रात्री उशिरापर्यंत जाग्याच.

"का?"

"एका मुलीचा संवाद चुकला. तोच ऐकू येत होता. मनात म्हणत होते, तुला साधं शिकवताही येत नाही."

ओठांवर नम्रता आणि आत स्वतःला टोचणी. पुष्कळ भाविक माणसं दुसरीलाच पहिली समजून बसतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (12:3) स्वतःला योग्य त्याहून मोठं मानू नये, मर्यादेने मानावं असं सांगितलं आहे. तुच्छ माना, असं तिथे कुठेही नाही.

यावर उपाय म्हणून ताई मोबाइलवरचं एक वाक्य आरशासमोर म्हणत होत्या: 'मी सर्वोत्तम आहे.' उलट जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं. यात नवल नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासात, मुळात स्वतःबद्दल कमी मत असलेल्यांना अशी वाक्यं घोकून आणखी वाईट वाटलं होतं. मन पुरावा मागतं. मी नेहमी तिथूनच सुरुवात करते.

मग एका भेटीत बायबलमधलं मत्तय 25 उघडलं. परदेशी जाताना धनी दासांकडे पैसे सोपवतो आणि परतल्यावर हिशेब मागतो, ती गोष्ट.

"धनी 'शाबास' म्हणाला, तेव्हा दास काय म्हणाला?"

त्यांनी दोनदा वाचलं. "काहीच नाही."

"आणि त्याआधी?"

"आपण मला पाच हजार दिले होते, त्यांवर मी आणखी पाच हजार मिळवले." बराच वेळ त्या त्याच ओळीवर थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याने हिशेब पूर्ण सांगितला. मी अर्धाच सांगते."

मला हवं होतं ते त्यांनीच शोधलं. बाहेरून दिलेलं उत्तर असं टिकत नाही. देणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि आपले कष्टही लपवायचे नाहीत. प्रेषित पौलही बायबलमधल्या आपल्या पत्रात, 1 करिंथ 15:10 मध्ये, जो काही आहे तो देवाच्या कृपेने, असं म्हणतो आणि त्याच दमात इतरांपेक्षा अधिक श्रम केल्याचंही सांगतो. त्याला कोणी गर्विष्ठ ठरवत नाही!

पुढचं काम सरावाचं. कौतुक ऐकलं की एक श्वास घ्यायचा, समोरच्याकडे बघायचं, "धन्यवाद" म्हणायचं आणि एक खरी गोष्ट जोडायची: "मुलांनी महिनाभर सराव केला, मीही रोज बसले." बस्स. बहुतेकांचं गाडं "पण" वर अडतं: "धन्यवाद, पण तो संवाद..." दुसरी खोड म्हणजे लगेच उलट कौतुक करून सुटका करून घेणं. दोन्ही टाळायचं. देवाचे आभार मनापासून येत असतील तर जरूर म्हणावेत; तोंड लपवायला त्याचं नाव पुढे करू नये. खुशामत वाटली तरीही "धन्यवाद" पुरे, तिच्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही.

रात्री वहीत तीन रकाने: कोण नेमकं काय म्हणालं, मला काय दिलेलं होतं, मी काय केलं. तिसरा रकाना पहिले काही दिवस कोराच राहतो. तिथे 'मी छान आहे' चालत नाही. 'तीन मुलांचे संवाद घरी बसवून घेतले' असं लिहायचं.

टोचणी सुरू झाली की बायबलमधल्या स्तोत्र 42 ची रीत वापरायची. स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खिन्न झालास? तसंच स्वतःला 'तू' म्हणून विचारायचं: "एक संवाद चुकला, बाकीचे किती बरोबर आले?" मग उत्तर वहीत शोधायचं.

ताईंना आता झोप लागते. मात्र स्वतःला दोष देणं दोन आठवड्यांहून जास्त रोज चालू असेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जावं. पाळकसाहेबांची प्रार्थना आणि डॉक्टरांची गोळी एकाच वेळी चालू शकते.