नांगी टाकणे : खेकड्याची की विंचवाची?

मडगावहून एकाने विचारलंय, ‘नांगी टाकली’ म्हणजे हार मानली हे माहितीये, पण नांगी कुर्लीलाही (म्हणजे खेकड्यालाही) असते, मग ही नक्की कुणाची?

मी तर म्हणेन विंचवाची. मराठीत विंचवाच्या डंखालाही नांगी आणि खेकड्याच्या चिमट्यालाही नांगी (आमच्या पेडण्यात कुर्लीचे डेंगेच, घरात नांगी कुणी म्हणत नाही). आता विंचू चवताळला की शेपूट वर धरतो, अवसान गेलं की खाली, म्हणजे बैल मान टाकतो ना, तसलं टाकणं, ढिलं सोडणं. कुर्लीचं टाकणं पालीच्या शेपटीसारखं. डेंगा कुणी पकडून धरला की ती स्वतःच बुंध्याजवळच्या ठरलेल्या जागी तो मोडून देते, जखम लगेच मिटते, आणि पुढे कात टाकताना नवा डेंगा येतो, आधी चिमुकला आणि मग दोन-चार वेळा कात टाकल्यावर पुरता. म्हणजे नांगी टाकलेली कुर्ली हरलेली नसतेच, निसटलेली असते! आणि तुटलेला डेंगा बोट सोडेलच असं नाही हां, तो तसाच आवळून बसू शकतो.

म्हणून तर बाजारात खाडीतल्या कुर्ल्या सुतळीने करकचून बांधून देतात, घरी आल्या आल्या ती सुतळी कापायची घाई नको. सुटलीच तर मागून धरायची, शेवटचे वल्ह्यासारखे चपटे पाय असतात त्यांच्या बुंध्याशी, डेंगे तिथवर पोचत नाहीत. बादलीभर पाण्यात ठेवू नका, साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की गुदमरून मरते, ओलं गोणपाट बरं. आणि जिवंत उकळत्या पाण्यात सोडली की तिथेही डेंगे टाकते, त्यापेक्षा आधी अर्धा तास बर्फात ठेवून सुन्न करा, मोठी असेल तर जास्त वेळ.

मेलेली मात्र अजिबात घेऊ नका, मांस फार पटकन नासतं. विकणारी ‘झोपलीय गो’ म्हणाली तर डोळ्याला हळूच काडी लावून बघायची, डोळा आत ओढला तर ठीक. नाहीतर तिने मान टाकलीय असं म्हणावं, पण कुर्लीला मान असते कुठे?