चाकांवरचं बिऱ्हाड

गेल्या अंकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर आम्ही आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, काढलेल्या रात्रींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर खानापूर, निपाणी आणि बेळगावातून बरीच पत्रं आली. बहुतेकांची मुलं तिकडे आहेत. मी प्रवास कंपनीचा माणूस नाही, उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलं. पण लेकीकडे तीनदा गेलो, तिन्ही वेळा अशा गाडीत राहिलो, आणि प्रत्येक वेळी तिची टाकी, वायर, नळी स्वतः हाताळली. तेवढ्या जोरावर उत्तरं देतो.

काका, मुलगा म्हणतो आठ दिवस आरव्ही भाड्यानं घेऊन ग्रँड कॅनियनपर्यंत जाऊन येऊया. हिचे गुडघे दुखतात, मला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मे महिन्यात जातोय. जावं की नको? — एक वाचक, खानापूर

आरव्हीत जरूर जा. ग्रँड कॅनियन मात्र या गाडीनं नको. लॉस एंजेलिसहून ते एका बाजूनं जवळजवळ आठशे किलोमीटर आहे. ही गाडी म्हणजे टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेलं घर: पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पलंग, ओटा, फ्रीज, संडास-न्हाणी. पंचवीस ते तीस फूट लांब, उंची बारा फुटांच्या आसपास. बाजूनं ट्रक गेला की हलते. आणि लोक एक गोष्ट विसरतात: चालत्या गाडीत प्रत्येकानं पट्टा लावून बसायचं असतं. संडास मागेच आहे म्हणून तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही, आणि वहिनींना पलंगावर पाय पसरून पडता येणार नाही. मग आठशे किलोमीटर कशासाठी?

लहानपणी आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर बैलगाडीनं जायचो. गाडी सोडली, बैलांना वैरण टाकली, तीन दगडांची चूल मांडली की आई म्हणायची, "झालं बिऱ्हाड." मग दोन-तीन दिवस तिथंच. जत्रेची मजा त्या मुक्कामात होती. आरव्हीचंही तसंच आहे. मुलाला सांगा, शहरापासून तासा-दोन तासांच्या आत एकच जागा धरायची आणि तिथं तीन रात्री राहायचं.

जागा सांगतो. लॉस एंजेलिस विमानतळाला लागूनच डॉकवायलर म्हणून किनारा आहे. तिथला आरव्ही पार्क अगदी वाळूला लागून आहे. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी जागेवरच मिळते. सपाट डांबरी जागा, गाडीच्या पायऱ्या उतरलं की संपलं, म्हणजे वहिनींच्या गुडघ्यांना उत्तम. पण विमानं तिथूनच समुद्रावर उडतात आणि शेजारी शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं प्रचंड हायपेरियन केंद्र आहे. आवाजाची सवय नसेल तर पहिली रात्र जागूनच जाईल. मला कारखान्याची सवय, मी झोपलो. ही मात्र पहाटेपर्यंत विमानं मोजत होती.

आमची आवडती जागा दक्षिणेला हंटिंग्टन बीचजवळची बोल्सा चिका. वीज-पाणी जागेवर आहे, आणि रस्त्यापलीकडे पाणथळ जमीन राखून ठेवली आहे. सकाळी पेलिकन येतात. एवढा जड पक्षी पंख मिटून दगडासारखा समुद्रात पडतो आणि चोचीखालची पिशवी भरून वर येतो. हिनं हातातला चहा गार होऊ दिला, पण नजर काढली नाही.

सावली हवी असेल तर मालिबूच्या पुढे लिओ कॅरिलो आहे. सिकमोरची मोठी झाडं आहेत, आणि हमरस्त्याखालून चालत समुद्रावर जाता येतं. तिथं जोडणी मात्र नाही, टाकीतल्या पाण्यावरच भागवायचं. 2018 च्या नोव्हेंबरमधल्या वूल्सी वणव्यात तो सगळा भाग होरपळला होता. जानेवारी 2025 मध्ये पॅलिसेड्सचा वणवा लागला तेव्हा तो किनाऱ्याचा हमरस्ताच काही महिने बंद राहिला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी रस्ता आणि जागा दोन्ही चालू आहेत का ते पाहायला मुलाला सांगा.

मे-जूनमध्ये तिथं दुपारपर्यंत आभाळ भरून असतं. पाऊस येत नाही, पण ऊनही पडत नाही. मालवणसारखा समुद्र डोक्यात धरून जाऊ नका, पाणी थंडगार असतं. स्वेटर आणि कानटोपी घ्या.

आमची सून म्हणते कॅम्पग्राउंड, म्हणजे गाडी लावून मुक्काम करायच्या जागा, कायम फुल्ल असतात. खरं आहे का? — एक वाचिका, बेळगाव

खरं आहे, आणि इथं तुमच्याकडूनच मदत होऊ शकते. बोल्सा चिका, लिओ कॅरिलो अशा राज्य सरकारच्या किनाऱ्यांचं आरक्षण रिझर्व्ह कॅलिफोर्निया या वेबसाइटवर सहा महिने आधी, त्यांच्या सकाळी आठला उघडतं. लेकीकडे आठ वाजता पोरांचे डबे आणि शाळेची धावपळ. आपल्याकडे तेव्हा त्यांच्या उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेआठ, हिवाळी वेळेत साडेनऊ. जेवण आटोपून मी इथं बेळगावात लॅपटॉपसमोर बसायचो, तिचं खातं उघडून. बोल्सा चिकाची जागा मी तशीच मिळवली. नुसतं पाहुणे म्हणून जाण्यापेक्षा हे बरं वाटतं बघा. शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार पाहा, तेव्हा मिळायची शक्यता जास्त.

जागा घेताना गाडीची लांबी नीट भरा. पहिल्या खेपेला जावयानं ती पाहिलीच नाही. आम्ही तीस फुटी गाडी घेऊन अंधारात एका कॅम्पग्राउंडवर पोचलो, तर आमची जागा चोवीस फुटांची. तिथल्या बाईंनी टॉर्च मारून मागचा भाग रस्त्यावर आलेला दाखवला आणि परत पाठवलं. पैसे मिळाले नाहीत. नात झोपेतून उठून रडत होती, ते अजून आठवतं.

स्वयंपाकाचं काय? इथला मिक्सर चालेल का? आणि संडासच्या टाकीची फार भीती वाटते. — एक वाचिका, निपाणी

ताई, मिक्सर नेऊ नका. आपली वीज 230 व्होल्ट, तिथली 120. आपला मिक्सर तिथं नुसता कण्हत फिरेल, खोबरं वाटणार नाही. तिळाची, शेंगांची चटणी आणि मसाला घरूनच कोरडा करून न्या.

विजेचं गणित एकदा समजून घ्या. बऱ्याच गाड्यांची जोडणी 30 अँपिअरची असते. 120 गुणिले 30, म्हणजे 3600 वॉट. एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह लावला आणि वर कुणी इंडक्शनवर चहा ठेवला की ब्रेकर पडलाच. एका वेळी दोनच मोठी यंत्रं चालवा. फोडणी शक्यतो बाहेर, तिथल्या लाकडी टेबलावर गॅसची छोटी शेगडी ठेवून द्या. आत मोहरी तडतडली, मिरची पडली की धुराचा भोंगा वाजतो. आतच करायची झाली तर छताचा पंखा आधी सुरू करा. जाळायचं लाकूड घरून नेऊ नका, तिथंच विकत घ्या. लाकडातून झाडांची कीड पसरते.

आता टाक्या. तीन असतात: चांगल्या पाण्याची, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासची. चांगलं पाणी साधारण 100 ते 150 लिटर. पोरं शॉवर सोडून गाणी म्हणत उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी कोरडी. राकसकोप धरणाचं पाणी नळाला कधी येणार म्हणून घागरी मांडून बसलेली माणसं आपण. बादली-तांब्यानं आंघोळ केली तर तेच पाणी तीन दिवस पुरतं. हिनं तिथल्या न्हाणीत बादली ठेवली आणि नातवंडांनाही तीच सवय लावली. गरम पाण्याची टाकीही बावीस-तेवीस लिटरचीच असते, एकामागून एक चौघांच्या आंघोळी निघत नाहीत.

संडासची टाकी रिकामी करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. हातमोजे घालायचे, जाड नळी जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची. आधी संडासची झडप उघडायची, ती पूर्ण वाहून गेली की सांडपाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. उलट करू नका. जोडणी जागेवर असली तरी संडासची झडप उघडी ठेवून देऊ नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी बसून राहतो. आपण संडासात पाणी वापरतो ते चांगलंच आहे, फक्त टाकी लवकर भरते. जागेवर जोडणी नसेल तर निघताना कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी, हे काम करायचं. लिओ कॅरिलोला ती सोय आहे.

भारतीय लायसन्सवर चालवता येते का? रात्री रस्त्याकडेला लावून झोपलं तर? — एक तरुण वाचक, वडगाव

फिरायला आलेल्या प्रौढ माणसाला स्वतःच्या देशाच्या चालू लायसन्सवर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. भाड्यानं देणाऱ्यांच्या वयाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचारा. रस्त्याकडेला झोपायचं मनात आणू नका. किनाऱ्याच्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी रात्री मोठ्या गाड्यांना मनाई आहे, तशा पाट्याच असतात. सरकारी कॅम्पग्राउंडवर रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि जनरेटर सकाळी दहा ते रात्री आठ एवढाच चालवायचा. हे लोक मनापासून पाळतात. आपणही पाळावं.

अशी गाडी इथं आणून गोव्याला जाता येईल का? — एक वाचक, खानापूर

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे गाड्या हळूहळू दिसतील. पण बेळगावहून गोव्याला तीस फुटी गाडी चोर्ल्याच्या घाटानं नेऊ नका. तिथली वळणं तुम्हाला माहीत आहेत. लहान व्हॅन न्या, आणि जिथं मुक्काम करणार त्या घरमालकाला आधीच विचारून घ्या: सांडपाणी सोडायला पक्की टाकी आहे का? नाही म्हणाला तर ती जागा नको. काही जण घाटात गाडी थांबवून तिथंच टाकी सोडून देतील, ही मला खरी भीती आहे. आपल्या खानापूर तालुक्यातल्या देगावाजवळ म्हादई उगम पावते. घाटात सोडलेलं पाणी तिच्यात उतरतं, आणि खाली गोव्यात लोक तेच पितात.